डाळिंबाचा रस आणि सोयादूध: पातेली दोन, साचा एक

जुळे सोलापुरातल्या एका ताईंनी विचारलंय. घरात दोन मुलं, मोठा आठ वर्षांचा, धाकटी तीनची. सासऱ्यांना दूध पचत नाही, सासूबाईंना थायरॉईडची गोळी चालू आहे. सगळ्यांना चालेल असं गार काहीतरी करावं म्हणून त्यांनी सोयाबीन भिजवून, वाटून दूध काढलं, त्यातच डाळिंबाचा रस ओतला आणि जेली जमावी म्हणून चायना ग्रास (अगर-अगर) घालून उकळलं. दूध फाटलं. रंग राखाडी-जांभळा झाला, सोयाचा कच्चट वास तसाच राहिला, आणि जी काही जेली जमली तिला दुसऱ्या दिवशी डब्यात पाणी सुटलं. शेवटी त्या विचारतात, "यापेक्षा पाकिटातली जेली आणावी का?"

नको ताई. तुमचं साहित्य उत्तम आहे. डाळिंब आपल्या जिल्ह्याचं, 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेलं, आणि सोयाबीन तर बार्शी-लातूरकडून आपल्या बाजारात येतंच. चूक एकच झाली: तिन्ही वस्तू एका पातेल्यात, एका आचेवर घेतल्या. चायना ग्रास आणि सोयाबीन या दोघांना खळखळून उकळी लागते. डाळिंबाच्या रसाला उकळी सोसत नाही. आणि आंबट रस व सोयादूध यांचं एकमेकांशी जमतच नाही. मी गेली वीस वर्षं इथे बायकांना फळप्रक्रिया शिकवते आणि जेलीबद्दलचे बहुतेक प्रश्न फिरून याच जागी येतात.

आधी फाटण्याचं सांगते. लिंबू पिळलं की दूध फाटतं तसंच सोयादूधही फाटतं. सोयातली प्रथिनं साध्या, न आंबट पाण्यात सुटी राहतात, आंबटपणा वाढला की एकमेकांना धरून गोळा होतात. टोफू करताना आपण मुद्दाम हेच करतो. डाळिंबाचा रस चांगलाच आंबट असतो, जिभेला गोड लागला तरी. उरलं रंगाचं. डाळिंबाचा लाल रंग आंबटातच लाल राहतो. सोयादुधात पडला की आंबटपणा उतरतो आणि तो जांभळट, मग राखाडी होतो. म्हणजे तुमच्या पातेल्यात दोघांचंही नुकसान झालं: रसाने दूध फाडलं, दुधाने रसाचा रंग घालवला. म्हणून दोन पातेली, दोन थर, आणि भेट फक्त साच्यात.

आता सोयादूध, कारण खरी मेहनत तिथेच आहे. तो कच्चट वास सोयाबीनमध्ये आधीपासून नसतो, आपण वाटताना तयार होतो. दाणा फुटला, त्याला गार पाणी आणि हवा लागली की त्यातलं एक एन्झाइम दाण्यातल्या तेलावर लगेच काम सुरू करतं, आणि काही क्षणांत तो गवतासारखा, कच्च्या शेंगेसारखा वास येतो. एकदा आला की वेलची घाला, व्हॅनिला घाला, जात नाही. तो येऊच द्यायचा नाही. त्यासाठी दाणा फुटण्याआधी गरम झालेला हवा.

शंभर ग्रॅम सोयाबीन निवडून, धुऊन भिजत घाला. थंडीत रात्रभर चालतं, पण आपल्या एप्रिल-मेमध्ये पाच-सहा तासांच्या वर ठेवू नका, पाणी आंबतं. मधे एकदा पाणी बदला. भिजल्यावर हाताने चोळून सालं काढा, पाण्यावर तरंगतात ती ओतून द्या. सगळी नाही निघाली तरी चालेल. मग एका पातेल्यात पाणी खळखळ उकळू द्या, चिमूटभर खाण्याचा सोडा घाला आणि भिजलेले दाणे त्या उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा. ते पाणी फेकून द्या. आता हे गरम दाणे गरम पाण्यानेच वाटायचे. एकूण पाणी सहाशे ते सातशे मिलिलिटर, पण एकदम नाही. मिक्सरचं भांडं एक तृतीयांशच भरा, झाकणावर जाड फडकं धरा आणि थांबून थांबून फिरवा. गरम पाण्याची वाफ झाकण उडवते. माझ्या वर्गात एकीच्या मनगटावर असा चटका बसलेला मी पाहिला आहे, तेव्हापासून ही गोष्ट प्रत्येक वेळी दोनदा सांगते.

वाटलेलं पातळ सुती कापडातून पिळून घ्या. जुनं धुवट धोतर असेल तर त्यासारखं दुसरं काही नाही. चोथा टाकू नका, पण कच्चाही खाऊ नका. ज्वारीच्या पिठात, कांदा-मिरची घालून त्याची थालीपिठं फार छान होतात, दोन्ही बाजूंनी नीट भाजली म्हणजे झालं.

पिळलेलं दूध आता उकळायचं, आणि इथे बहुतेकजणी फसतात. सोयादूध उकळी यायच्या बऱ्याच आधी फेसाळून वर येतं. वाटतं, उकळलं. ते उकळलेलं नसतं, नुसता फेस असतो. पातेलं निम्मंच भरा, फेस झाऱ्याने काढत राहा, आच मंद करा आणि खरी उकळी फुटली की तिथून पुढे पंधरा मिनिटं घड्याळ लावून मोजा. तळाला उलथनं फिरवत राहा, सोया चटकन लागतं. हा वेळ चवीसाठी नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारी द्रव्यं असतात आणि ती पुरेशा उकळीनेच निकामी होतात. अर्धकच्चं सोयादूध प्यायलं की पोट फुगतं, मळमळतं, आणि मग घरात कायमचं ठरतं की आपल्याला सोया सोसत नाही.

चायना ग्रासबद्दल थोडं जास्त बोलते, कारण या नावामुळे ते गवत आहे असं पुष्कळांना वाटतं. ते समुद्रातलं लाल शेवाळ. आपल्याकडे तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, मन्नारच्या आखाताकडे, बायका पाण्यात उतरून ते गोळा करतात. शेवाळ उकळून त्याचा अर्क गोठवतात, मग वितळू देतात, पाणी निघून जातं आणि उरतात त्या पांढऱ्या हलक्या काड्या किंवा पावडर. जपानमध्ये याचीच एक गोष्ट सांगतात: एका खानावळवाल्याने उरलेली शेवाळाची जेली हिवाळ्याच्या रात्री बाहेर टाकली, ती रात्री गोठली, दिवसा वितळून वाळली, आणि तिच्यापासून पुन्हा जेली करता येते हे त्याच्या लक्षात आलं. गोष्ट खरी असो नसो, तिच्यात तुमच्या कामाची एक खूण आहे. चायना ग्रासची जेली बर्फाच्या कप्प्यात ठेवली की ती अशीच फुटते आणि सगळं पाणी सोडते. तुमच्या डब्यात पाणी आलं त्यामागे हे एक कारण असू शकतं. लवकर जमावी म्हणून फ्रीझरमध्ये ठेवली होती का, आठवून बघा.

सोलापुरात मी चायना ग्रासच का वापरते? त्याला दोन कारणं आहेत आणि दोन्ही मला एकाच दुपारी कळली. बऱ्याच वर्षांपूर्वी, मे महिन्यात, भाचीच्या वाढदिवसाला मी पाकिटातल्या जिलेटिनची मोठी जेली केली होती. दुपारी वीज गेली. संध्याकाळी फ्रीज उघडला तर परातीत नुसतं लाल सरबत. त्याच दिवशी शेजारच्या, कांदासुद्धा न खाणाऱ्या घरातल्या आजींनी मला विचारलं, "यात काय घातलंयस गं?" जिलेटिन जनावरांच्या कातड्यापासून आणि हाडांपासून करतात, हे तोवर मी नीट वाचलेलंच नव्हतं. त्यांना खरं सांगितलं. त्यांच्या नातवाने आधीच वाटीभर खाल्लं होतं. त्यांचा चेहरा मी विसरलेले नाही.

जिलेटिन तीस-पस्तीस अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून तर ते तोंडात विरघळतं. पण आपल्याकडे मेमध्ये पारा चाळीसच्या वर असतो, सावलीतसुद्धा. चायना ग्रास एकदा जमलं की ऐंशी-पंच्याऐंशी अंशांपर्यंत वितळत नाही. आणि जमतं मात्र पस्तीस-चाळीस अंशांना, म्हणजे फ्रीज नसला तरी ओट्यावर, गार पाण्याच्या परातीत वाटी ठेवून जमतं. वीज गेली तर जाऊ दे.

पावडर घ्या, काड्यांपेक्षा माप सोपं जातं. काड्याच मिळाल्या तर बारीक तोडून, अर्धा तास भिजवून घ्या आणि दहा ग्रॅमला आठशे मिलिलिटरपासून एक लिटरपर्यंत द्रव धरा. रमजानच्या दिवसांत विजापूर वेशीकडे दोन्ही सहज मिळतात, एरवी सुकामेव्याच्या दुकानात विचारा. पावडर चमच्याने मोजू नका. एकीची भुरभुरीत, दुसरीची जड, एका चमच्यात दीड ग्रॅमही बसते आणि अडीचही. स्वयंपाकघरातला छोटा काटा घ्या, जेलीसाठी त्याच्याइतका उपयोगी खर्च नाही.

सोयाच्या थरासाठी दीडशे मिलिलिटर गार पाण्यात चार ग्रॅम पावडर ढवळा, पाच मिनिटं तशीच राहू द्या, मग गॅसवर ठेवा. उकळी आल्यावर दोन-तीन मिनिटं ढवळत राहा. चमचा वर उचलून उजेडात धरा: चमच्याच्या पाठीवर वाळूसारखे बारीक कण दिसले तर अजून विरघळलं नाही. काचेसारखं स्वच्छ ओघळलं की झालं. साखर याच्यानंतर, आधी नाही. साखर आधी घातली तर पाणी ती ओढून घेते आणि चायना ग्रास अर्धवट फुगून राहतं. पन्नास ग्रॅम साखर आणि वेलची घाला, मग साडेतीनशे मिलिलिटर गरम सोयादूध. दूध गरमच हवं. चायना ग्रास थेट दुधातही विरघळतं, पण पांढऱ्या दुधात कण दिसत नाहीत आणि तळ लागतो, म्हणून मी पाण्यातच विरघळवते. सासऱ्यांसाठी मऊ हवी असेल तर चारच्या जागी तीन ग्रॅम घ्या.

डाळिंबाचा थर. मध्यम आकाराची, भगवा जातीची तीन डाळिंबं सोलली की साधारण तीनशे मिलिलिटर रस येतो. दाणे मिक्सरमध्ये भरभर फिरवू नका, बी फुटलं की रस तुरट-कडवट होतो. दोन-तीनदा नुसता झटका द्या आणि कापडातून पिळा, किंवा सरळ हातानेच कापडात दाबा. पांढरं सालपट एकही जाऊ देऊ नका. लोखंडी भांडं नको, रंग काळवंडतो. दोनशे मिलिलिटर पाण्यात पाच ग्रॅम पावडर वर सांगितल्याप्रमाणे विरघळवा, चाळीस-पन्नास ग्रॅम साखर घाला, गॅस बंद करा, दोन मिनिटं थांबा आणि मग रस घाला. सोयाला चार आणि इथे पाच ग्रॅम, कारण आंबट द्रव्यात चायना ग्रासची पकड ढिली पडते. आंबट रसासकट उकळलं तर ते तुटतंच, मग कितीही वाट पाहा, जमत नाही. रस नेहमीच्या तापमानाचा हवा, हात लावून गार लागता कामा नये. फ्रीजमधला रस ओतलात तर पडल्या जागी गाठी होतात, एकसारखी जेली होत नाही. तसं झालं तर घाबरू नका: थोड्या पाण्यात एक-दीड ग्रॅम पावडर वेगळी उकळून घ्या, गाठी पडलेलं मिश्रण उकळी न येता नुसतं गरम करून त्यात मिसळा. थोडा रंग जाईल, जेली वाचेल.

साच्यात ओतण्याआधी एक परीक्षा. स्टीलच्या ताटलीवर चमचाभर टाका, दोन मिनिटं थांबा, बोटाने ढकला. एका तुकड्यात सरकलं तर ठीक. पसरलं तर अजून ग्रॅमभर पावडर लागेल. हे आत्ता कळलं तर दुरुस्त होतं, साच्यात गेल्यावर कळलं तर सगळं पुन्हा उपसावं लागतं.

थर एकमेकांना धरून राहायला हवे असतील तर वेळ साधावी लागते. खालचा सोयाचा थर ओता. वर कातडी धरेल, बोट टेकवलं तर चिकटणार नाही पण हलकंसं थरथरेल, तेव्हा डाळिंबाचं कोमट मिश्रण चमच्याच्या पाठीवरून हळू सोडा. खालचा पूर्ण गार झाला असेल तर दोन्ही थर जमतात खरे, पण कापताना एक इकडे आणि एक तिकडे घसरतो. तसा गार झालाच तर काट्याच्या टोकांनी वर हलके ओरखडे काढा, मग ओता. आणि वरचं कढत ओतलंत तर खालचा थर फोडून आत घुसेल. सगळं नीट जमलं तरी दोन थरांच्या मधे एक बारीक जांभळी रेघ दिसते. ती तुमच्या पातेल्यातल्या राखाडी रंगाचीच बहीण, फक्त सीमेपुरती राहिलेली. मला ती रेघ आवडते, काचेच्या वाटीत मुद्दाम दिसेल अशी ठेवते.

पाणी सुटण्याचं आणखी एक कारण म्हणजे साखर अगदी कमी असणं. साखर पाणी धरून ठेवते. थोडं पाणी चायना ग्रासच्या जेलीला सुटतंच, त्याला दोष मानू नका. डब्यात भरण्याआधी वरचं पाणी ओतून द्या.

डाळिंब नसताना काय? आता इथे सोयीची फळं पुष्कळ आहेत. चिकू आणि केळं फारशी आंबट नाहीत, ती सोयादुधातच मिसळली तरी चालतात. करमाळ्याकडची पिकलेली केळी कुस्करून घातली की साखर निम्मी होते, पण ती लगेच काळी पडतात, म्हणून अगदी शेवटी घाला. आंब्याचा रस गोड वाटला तरी सोयाला बारीक कणी आणतो, त्याचा वेगळा थर करा. द्राक्षं पारदर्शक थरात सुंदर दिसतात. अननस, पपई, किवी जिलेटिनला जमूच देत नाहीत, कारण त्यांच्यातलं पाचकद्रव्य प्रथिनं तोडतं. चायना ग्रासमध्ये प्रथिन नाही, त्याला काही होत नाही. पण ताजा अननस सोयाच्या थरात घालू नका, तिथे प्रथिन आहे, ते फाटतं आणि कडवटही लागतं.

सीताफळाचं वेगळं सांगायला हवं, कारण ते मला सगळ्यांत प्रिय आहे आणि सगळ्यांत जास्त वाया गेलेलं मी त्याचंच पाहिलंय. सीताफळाचा गर तापला की कडू होतो. उकळायची गरज नाही, हाताला चटका बसेल इतका गरम झाला तरी पुरे. पण चायना ग्रास तर चाळीस अंशांखाली जमायला लागतं. मग मधली जागा पकडायची: सोया आणि चायना ग्रासचं मिश्रण ढवळत ढवळत इतकं निवू द्या की पातेल्याच्या बाहेरून हात सहज टेकवता येईल, पण आतलं अजून पातळ असेल. त्या क्षणी, घरात जशा तापमानाला असतो तसा गर घाला, चार वेळा ढवळा आणि ओता. एका मिनिटाचा उशीर झाला तर गाठी, एक मिनिट घाई झाली तर कडवटपणा. दोनदा बिघडेल, तिसऱ्यांदा हात बसेल. बार्शीची सीताफळं आली की हे जरूर करा. सोयाचा उरलासुरला वासही त्या गरात पूर्ण दडतो.

आता घरातल्या माणसांकडे वळू. सासऱ्यांना दूध पचत नाही ते दुधातल्या साखरेमुळे असेल तर सोयादुधात ती नसते, त्यांना हे चालेल. पण घरी काढलेल्या सोयादुधात कॅल्शियम गाईच्या दुधापेक्षा बरंच कमी असतं. नाचणी, तीळ, पालेभाजी चालूच ठेवा, जेलीवर ती जबाबदारी टाकू नका. प्रथिनांचंही तसंच: वर दिलेल्या मापाच्या सहा वाट्या केल्या तर वाटीत दोन-अडीच ग्रॅम येतात. चांगलं आहे, पण वरण-भाकरीची जागा घेणारं नाही. सासूबाईंच्या थायरॉईडच्या गोळीचं शोषण सोयामुळे कमी होतं, म्हणून गोळी आणि सोया यांत निदान चार तासांचं अंतर ठेवा. सकाळी गोळी घेत असतील तर जेली दुपारी जेवणानंतर द्या, आणि त्यांच्या डॉक्टरांच्या कानावर घाला की घरात आता सोया येऊ लागलंय. मुलांना सोया पहिल्यांदा देताना एक-दोन चमचेच द्या आणि अंगावर पुरळ, ओठांना सूज येते का बघा. काहींना याची ॲलर्जी असते. उपवासाला सोयाबीन चालत नाही, एकादशीला करायची असेल तर नुसती डाळिंबाची करा. चायना ग्रास उपवासाला चालतं का, हे प्रत्येक घराने आपापलं ठरवावं.

मोठ्याच्या शाळेच्या डब्यात सोयाची जेली उन्हाळ्यात देऊ नका. ती वितळणार नाही, आणि तोच धोका आहे: वरून छान दिसते, पण आतलं सोयादूध दोन तासांतही बिघडू शकतं. डब्यात फक्त फळाची द्या आणि पहिल्या सुट्टीतच खायला सांगा. फ्रीजमध्ये झाकून दोन दिवस राहते. आंबूस वास आला किंवा वर बुळबुळीत लागलं तर चाखूनही बघू नका.

पाकिटातली आणायचीच वेळ आली तर आधी हिरवा ठिपका बघा. आणि चिमुकल्या कपातून चोखून घ्यायची जेली धाकटीला कधीच देऊ नका, ती घट्ट असते, एका दमात घशात जाऊन अडकते. घरचीसुद्धा चायना ग्रासची जेली जिलेटिनसारखी तोंडात विरघळत नाही, हे लक्षात ठेवा. तीन वर्षांच्या मुलीसाठी तीन ग्रॅमवाली मऊ करा, चमच्याने कुस्करून द्या, आत घातलेलं द्राक्ष उभं चार तुकडे करून घाला, आणि ती बसून खात असताना शेजारी बसा.